पंगत आणि पदवी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वानांच्या चरित्रांचे हे पुस्तक अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या काही तरुण मित्रांनी सिद्ध केले आणि त्यास प्रस्तावना जोडण्याचे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो आनंद नसून एक शंका होती. ज्या मुलखात पऱ्हाटीचा भाव, पावसाची ओढ आणि सोसायटीचे कर्ज यांपलीकडच्या विषयाला बोलण्यात क्वचितच जागा मिळते, त्या मुलखातील वाचकाने अलाबामा, अटलांटा आणि फिलाडेल्फिया येथील प्राध्यापकांची चरित्रे कोणत्या नात्याने वाचावीत, असा तो प्रश्न होता. हस्तलिखित वाचून संपले तेव्हा ती शंका निराधार ठरली होती. हे नाते या पुस्तकामुळे जुळलेले नाही. ते कापसाच्या गाठींवर लिहिलेले आहे आणि त्याची नोंद दीडशे वर्षांच्या सरकारी दफ्तरात पडून आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली दिला, आणि त्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील मळ्यांत गुलामांच्या हातांनी वेचलेला जो कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना अव्याहत पोहोचत होता तो थांबला, आणि त्या गिरण्यांची दृष्टी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, अमरावती, अकोला आणि खामगाव येथील बाजार फुगले, आणि त्याच दशकात वऱ्हाड ओलांडून रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. आमच्या जिनांची, पेढ्यांची आणि सावकारांच्या वाड्यांची भरभराट कोणाच्या मुक्तियुद्धाच्या सावलीत झाली, हे आमच्या शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांनी आम्हांस कधी सांगितले नाही. जोतीराव फुले यांनी मात्र ते नाते त्याच पिढीत ओळखले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेले 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत दास्यविमोचनाचे कार्य करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि पुण्यात बसून मिसिसिपीच्या काठावरच्या माणसाला आपला सोयरा मानण्याची रीत मराठीत तेव्हापासून सुरू झाली.

या पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावर आहे, आणि ते योग्यच आहे. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले, आणि तेव्हापासून हा माणूस मराठी घरांत इतका परिचित झाला की, बक्षीस समारंभात वाटली जाणारी पुस्तके मोजायची झाल्यास त्याचे नाव पहिल्या काही नावांत येईल. तथापि या परिचयात एक गैरसोय आहे. आपण कार्व्हर यांच्या कष्टांवर इतके लुब्ध झालो की ते कष्ट त्यांच्यावर कोणी आणि कशासाठी लादले, याची चौकशी करण्याचे आपण विसरलो. प्रस्तुत लेखकांनी ती चौकशी केली आहे. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने कार्व्हर यांना पत्रोपत्री प्रवेश दिला आणि ते दारात उभे राहताच, त्यांचा वर्ण पाहून, तो रद्द केला. पुढे आयोवात लोकांचे कपडे धुऊन चरितार्थ चालवीत ते शिकले, आणि १८९१ साली एम्सच्या कृषी महाविद्यालयात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून दाखल झाले. नियमाने त्यांना प्रवेश मिळाला खरा, परंतु वसतिगृहात खोली मिळाली नाही, म्हणून एका प्राध्यापकाने आपली जुनी कचेरी त्यांना राहावयास दिली. भोजनगृहात इतर विद्यार्थ्यांबरोबर बसण्यास मज्जाव झाला, म्हणून ते तळघरात, नोकरचाकरांच्या मेजावर जेवले. वनस्पतींच्या रोगांचे निदान सहाध्यायांहून अधिक अचूकपणे करणारा हा तरुण वर्गात अव्वल आणि पंगतीत बाहेर, अशी ती स्थिती होती.

पंगतीत बाहेर बसणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील वाचकाला टीप देऊन समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते या पुस्तकाचा खरा विषय येथे सुरू होतो. विद्यालयाच्या नियमावलीत अमुक जातीच्या वा वर्णाच्या विद्यार्थ्यास प्रवेश आहे असे छापले गेले, म्हणजे ते विद्यालय सर्वांसाठी उघडले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः खेड्यातून आलेल्या मुलाचे विद्यार्थिपण दोन गोष्टींवर अवलंबून असते. रात्री पाठ टेकायला जागा कोठे आणि दोन वेळची भाकर कोणाच्या शेजारी बसून खायची, या त्या दोन गोष्टी होत. त्यांची तजवीज नसेल तर प्रवेशाचा हुकूम हा केवळ एक कागद राहतो.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील मुलाला पदवी हवी तर नागपूर किंवा पुणे गाठणे भाग होते, आणि ते ज्यांना परवडे त्यांची घराणी बोटांवर मोजण्याजोगी होती. कॉलेज गावात आले, परंतु गाव मुलापासून दूरच राहिले. दर्यापूर, मोर्शी, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील कुणबी, माळी, धनगर, महार, मांग यांच्या घरचा मुलगा पत्र्याची पेटी, गोधडी आणि चार दिवसांच्या भाकरी घेऊन अमरावतीच्या स्टेशनावर उतरे, तेव्हा त्याला खोली देणारा मालक प्रथम त्याचे आडनाव विचारी आणि मग भाडे सांगे, किंवा भाडे सांगण्याची तसदीच घेत नसे. खाणावळीतही हाच प्रकार चाले, आणि तेथे तर आडनावापूर्वी पेहराव वाचला जाई.

या अडचणीवर अमरावतीत जो उपाय झाला त्याचे श्रेय डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे जाते. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी घरात जन्मलेला हा मुलगा चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती अशा शाळा करीत फर्ग्युसन कॉलेजात आणि तेथून १९२० साली इंग्लंडला गेला. तेथे तो बॅरिस्टर झाला, एडिनबरोस एम. ए. झाला, आणि ऑक्सफर्डच्या डॉक्टरेटसाठी त्याने निवडला तो विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास हा होता. या निवडीपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. ज्या समाजात वेदाध्ययनाचा अधिकार जन्माने ठरत होता आणि शेतकऱ्याला वेदोक्त की पुराणोक्त याचा निवाडा भटजी करीत होता, त्या समाजातील एका कुणब्याच्या मुलाने शेतीचे अर्थशास्त्र किंवा कूळकायदा हे विषय सोडून ऋग्वेदालाच हात घातला, आणि धर्म ही वस्तू कोठून येते व कशी वाढते याची ऐतिहासिक तपासणी केली. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. आज अमरावतीत डॉक्टरसाहेबांचे नाव धारण करणाऱ्या वास्तू आहेत आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते, परंतु हा ग्रंथ वाचलेला माणूस शोधावयाचा झाल्यास बरीच पायपीट करावी लागेल. विद्वानाचा गौरव त्याच्या पुतळ्याला हार घालून उरकण्याची आपली जी सवय आहे तिच्याविषयी प्रस्तुत लेखकांनी पुस्तकात कठोर शब्द वापरले आहेत, आणि ते शब्द सौम्य करावेत असे मला वाटले नाही.

विलायतेहून १९२६ साली परतल्यावर देशमुखांनी अमरावतीत वकिली सुरू केली, आणि लवकरच श्रद्धानंद छात्रालय उघडले. त्यात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे आणि एका पंगतीला जेवावे, असा परिपाठ होता. हा काळ अमरावतीच्या इतिहासात साधा नव्हता. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ पेटली होती, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. देवळाचा प्रश्न गाजला, वर्तमानपत्रांत आला, त्यावर सभा झाल्या आणि ठराव झाले. त्याच गावात, थोड्याच अंतरावर, पंधरावीस मुले रोज संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण एकमेकांच्या शेजारी बसून खात होती, याची बातमी कोणी छापली नाही. तरीही पुढे १९३२ साली स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार, गावोगावच्या तिच्या शाळा आणि महाविद्यालये, या सर्वांचा पाया मी त्या पंगतीत पाहतो. शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारतींचा आणि अनुदानांचा हिशेब देतात, आणि स्वयंपाकघराचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

हीच दृष्टी वऱ्हाडात एका निरक्षर संताची होती. शेंडगावी परिटाच्या घरात जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनात लोकांना बजावीत की जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले आणि त्याला पुढे या संताचे नाव मिळाले. अक्षरशत्रू म्हणून जन्म काढलेल्या माणसाच्या नावाच्या सनदा आता दर वर्षी हजारो पदवीधर घरी नेतात, आणि त्यात मला काहीही विसंगत वाटत नाही.

पंगतीनंतर पदवी येते, परंतु पदवीनंतरचे दार सर्वांत जड असते, आणि ते म्हणजे अध्यापनाच्या आसनाचे. विल्यम डू बॉइस यांनी १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठातून ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. त्यानंतर फिलाडेल्फियातील एका वस्तीत घरोघर फिरून त्यांनी केलेली पाहणी १८९९ साली ग्रंथरूपाने आली आणि ती अमेरिकन समाजशास्त्राच्या आद्य ग्रंथांत गणली जाते, परंतु ज्या विद्यापीठासाठी त्यांनी ती केली त्याने त्यांना वर्गात शिकविण्याचे काम कधी दिले नाही. आंबेडकरांनी या माणसाशी पत्रव्यवहार केला होता. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांनी मागविली, आणि डू बॉइस यांनी त्यांना आस्थेने उत्तर धाडले. कोलंबियात शिकलेला एक विद्वान आणि हार्वर्डमध्ये शिकलेला दुसरा विद्वान, दोघेही आपापल्या देशांतील विद्यापीठांच्या उंबरठ्यावर उभे राहून एकमेकांना कागदपत्रे पाठवीत आहेत, हे दृश्य या पुस्तकात फार चांगले उतरले आहे.

हेच दार विदर्भात कसे लागत होते याची साक्ष कुमुद पावडे यांनी दिली आहे. नागपूरच्या महार कुटुंबातील कुमुद सोमकुवर या मुलीने संस्कृत विषय घेऊन एम. ए. केले. पंडितांनी तोंडावर कौतुक केले, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, पण नोकरीसाठी मुलाखतीला गेल्यावर आडनाव ऐकून समोरच्यांची तोंडे बदलत. कुणबी घरात विवाह होऊन आडनाव पावडे झाले, तेव्हा शासकीय महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळाली. 'अंतःस्फोट' या १९८१ सालच्या पुस्तकात बाईंनी हे सर्व लिहून ठेवले आहे, आणि जागा मिळाली त्याचे श्रेय आपल्या संस्कृताला की नवऱ्याच्या जातीला, ही रुजुवात त्यांनी वाचकासमोरच केली आहे. गुण तेच, पदवी तीच, पाठ केलेले श्लोकही तेच, आणि नाव तेवढे बदललेले. सोनाराच्या दुकानात सोने घासून पाहतात, येथे मात्र कसोटीचा दगड बाजूला ठेवून डबीवरचे नाव वाचले जात होते.

आता असे विचारणारे लोक आहेत, आणि ते सर्व दुष्ट नसतात, की अशा माणसांना आसन मिळाले म्हणून त्यांचे भले झाले हे मान्य, परंतु विद्येचे त्यात काय भले झाले. या आक्षेपाला उत्तर देताना उदारमतवादी लोक औदार्याची भाषा बोलतात, आणि ती मला पटत नाही. उत्तर कार्व्हर यांच्या शेतात आहे. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगीच्या विद्यालयात गेले, तेव्हा तेथील जमीन वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेतल्याने निःसत्त्व झाली होती. भारी खतांची शिफारस करणे हा त्या काळच्या कृषिशास्त्राचा सरधोपट मार्ग होता. कार्व्हर यांनी प्रश्नच निराळा विचारला. ज्याच्याजवळ खत घेण्यास पैसा नाही, जमीनही दुसऱ्याची, आणि पीक निघण्यापूर्वीच सावकाराकडे लिहून दिलेले, अशा माणसाने माती कशी राखावी, हा तो प्रश्न होता. त्यांनी चवळी, भुईमूग आणि रताळी यांचा फेरपालट सुचविला, पानगळीचे कंपोस्ट शिकविले, साध्या भाषेत चाळीसहून अधिक पत्रके काढली, आणि १९०६ सालापासून अवजारे व बियाणे भरलेली गाडीच खेड्यांत फिरू लागली. सुखवस्तू प्राध्यापकाला हा प्रश्न सुचला नसता असे मी म्हणत नाही, परंतु तो कार्व्हर यांनी विचारला हे खरे आहे.

यात आमच्या शेतकऱ्याला नवल वाटण्याजोगे थोडेच आहे. पऱ्हाटीच्या आठदहा ओळींनंतर तुरीची ओळ टाकावी, हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकास चांगला, ही गोष्ट वऱ्हाडात आजोबा नातवाला सांगत आले आहेत. फरक इतकाच की ते ज्ञान धुऱ्यावर राहिले आणि प्रयोगशाळेत पोहोचले नाही, कारण धुऱ्यावरचा माणूसच तेथवर पोहोचला नव्हता. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी ना पिण्याच्या कामाचे ना ओलिताच्या, तेथे वाढलेली मुले त्याच मातीची तपासणी करू लागली. कार्व्हर यांच्या प्रकरणाला जोडून लेखकांनी चंद्रपूर जिल्ह्यातील साठगावचे डॉ. नामदेव निमगडे यांचा जो परिचय दिला आहे तो मला या पुस्तकातील नवी भर वाटते. अस्पृश्य शेतमजुरांच्या घरातून निघून १९६२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून मृदाशास्त्रात डॉक्टरेट घेणारा हा विदर्भपुत्र मराठी वाचकाला कार्व्हर यांच्या शतांशानेही ठाऊक नाही. परदेशी विद्वानाच्या दारिद्र्यावर अश्रू ढाळणे सोपे असते, शेजारच्या जिल्ह्यातील विद्वानाचे आडनाव मात्र आपल्याला अडचणीचे होते.

स्तुतीच्या भरात काही ठिकाणी लेखकांची लेखणी सुटली होती, आणि त्याविषयी मी त्यांच्याशी वाद घातला. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनी शोधले, हा समज जगभर पसरलेला आहे, परंतु तो खरा नाही. ते लोणी त्यांच्या आधीपासून होत होते. त्यांच्या नावावर एकंदर तीनच एकस्वे आहेत, आणि शेंगदाण्यापासूनच्या शेकडो पदार्थांच्या यादीतील पुष्कळसे पदार्थ पाककृतींच्या जातीचे आहेत. हा मजकूर आता दुरुस्त झाला आहे. ज्याला शतकानुशतके न्याय नाकारला गेला त्याच्याविषयी थोडी अतिशयोक्ती केली तर बिघडले कुठे, असे लेखकांपैकी एकाचे म्हणणे होते, आणि त्यातील सद्भाव मला कळतो. परंतु शास्त्रज्ञाला चमत्कार करणारा बाबा ठरविणे हाही त्याला शास्त्रज्ञांच्या पंगतीतून उठविण्याचाच एक प्रकार आहे.

स्त्रियांना या पुस्तकात मिळालेली जागा अपुरी आहे. ॲना जूलिया कूपर यांच्यावर पाच पृष्ठे आहेत, ती पंधरा हवी होती. १८५८ साली गुलामगिरीत जन्मलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकविणाऱ्या आणि १९२५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेणाऱ्या या बाईंनी आपल्या प्रबंधात फ्रेंच राज्यक्रांतीने गुलामगिरीकडे कसे पाहिले याचा झाडा घेतला होता. समतेचा जाहीरनामा काढणाऱ्यांच्याच दफ्तरात जाऊन गुलामगिरीचा जाब विचारणे, हे धाडस पापळच्या तरुणाने ऋग्वेदापुढे दाखविलेल्या धाडसाच्या जातीचे आहे, आणि ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचावीत अशी माझी वाचकाला सूचना आहे. मराठीत या विषयावर पूर्वी काम झाले नाही असे नव्हे. जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकेतील निग्रो साहित्य आणि संस्कृती यांवरील पुस्तक १९७८ सालचे आहे, आणि त्याच्या सहा वर्षे आधी मुंबईत दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले होते. परंतु त्या पिढीने कृष्णवर्णीयांचे काव्य आणि बंड आपलेसे केले, त्यांचे शास्त्रज्ञ, इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ मागे राहिले, आणि ती उणीव हे पुस्तक काही अंशी भरून काढते.

शेवटचे प्रकरण मेळघाटातील कोरकू मुलांच्या शिक्षणावर आहे आणि ते मला सर्वांत दुबळे वाटले. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मूल घरी जी भाषा बोलते ती मुंडा कुळातील आहे. मराठीशी तिचे कसलेच नाते नाही, आणि पहिलीच्या वर्गात त्या मुलापुढे येते ते पुस्तक मराठी असते. तेथील गळतीची कारणे लेखकांनी तळमळीने मांडली आहेत, परंतु सर्व माहिती सरकारी अहवालांतून घेतलेली आहे आणि एकाही कोरकू माणसाचे म्हणणे त्यात आलेले नाही. ज्या पुस्तकात सतत सांगितले आहे की प्रश्न विचारणारा बदलला म्हणजे प्रश्न बदलतो, त्याच पुस्तकात ही त्रुटी राहावी हे बरे नव्हे, असे मी संपादकांना कळविले. त्यांनी ते मान्य केले. प्रकरण या आवृत्तीत आहे तसेच ठेवले आहे. पुढील आवृत्तीसाठी ते नव्याने लिहावे म्हणून धारणीकडच्या एका तरुण कोरकू शिक्षकास त्यांनी पत्र पाठविले आहे, आणि त्याने प्रकरणाचा आराखडा आपण स्वतः ठरविणार असलो तरच लिहू, असे उत्तर दिले आहे.